आबांचा एकशे नव्वद

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात, कळंबजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होते. रोज कुणा ना कुणाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणं हे माझं काम. आणि माझा स्वतःचा बाप तिकडं आमच्या गावी, पणदऱ्यात, रक्तदाबाची बढाई मारत फिरतोय, हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळावं? तो संताप अजून आठवतो.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखलेली. दीडशे मेंढरांत प्रत्येकीचं तोंड ओळखणारा हा माणूस आता दावणीच्या दोन म्हशींतली कुठली कुठली, ते शिंगाला हात लावून ठरवायचा. मी दारात उभी राहिले की विचारायचे, "कोण हाय?" म्हणून आई त्यांना बारामतीला डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी बीपी बघितलं. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा. ऑपरेशन राहिलं. गोळ्या लिहून दिल्या आणि बीपी उतरल्यावर या म्हणाले.

आबा परत आले ते छाती पुढं काढून. संध्याकाळी दूध घालायला डेअरीच्या रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "मला एकशे नव्वद लागला. आपल्या तात्याला निस्ता एकशे तीस." पणदऱ्यात दुधाला फॅट जितकं जास्त तितकी मान वर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या म्हशीला सातचं फॅट लागायचं. रक्ताचंही तेच असणार, असं आबांनी धरून टाकलं. शेजारचे तात्या बिचारे त्याच शिबिरातून खट्टू होऊन आलेले. त्या रविवारी मी एसटीतून उतरले तर त्यांनी मला थांब्यावरच गाठलं.

"पोरी, माजं रक्त पातळ हाय का गं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मग सगळी कहाणी कळली.

मी तरातरा घरी गेले. "आबा, ऑपरेशन का केलं न्हाय, ते इचारलं का तुमी?"

"आंगात जोर लई हाय. जरा उतरू द्या, म्हणलं त्यांनी."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला मात्र हसू येईना. मी आबांचा हात धरून त्यांना चौकातल्या हापशावर नेलं आणि दांडा त्यांच्याच हातात दिला.

"दाबा," म्हटलं. पाण्याची धार जोरात आली. "काळीज दाबतंय तवाचा हा जोर, ह्यो वरचा आकडा. आता दांडा सैल सोडा. धार उतरली, पर नळीत दाब थोडा हायच. त्यो खालचा." मग मी तोटीच्या तोंडाला तळहात लावला आणि पुन्हा दाबायला सांगितलं. पाणी माझ्या बोटांतून फवारलं, आम्ही दोघंही भिजलो. "हे तुमचं एकशे नव्वद. अशात डोळ्याला सुरी लावायची का? त्यातनं मेंदूतली नळी फुटली तर ऑपरेशनची गरजच उरायची न्हाय."

आबांनी दांडा सोडला आणि तोंडावरचं पाणी पुसलं. "मंजी हे फॅट न्हाय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते बदलले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मिठावरून आमचं महिनाभर वाजलं. "मेंढराला मीठ न्हाय घातलं तर ते मरगळतं," हे त्यांचं म्हणणं. "तुमी मेंढरू हाय का?" हे माझं. अखेर आईनं ताटातली मिठाची चिमूट बंद केली आणि लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली. रोज सकाळी गोळी आणि बांधाबांधानं फेरी सुरू झाली. मी बारामतीतून पाऱ्याचं यंत्र घेतलं आणि दर रविवारी आबांच्या दंडाला पट्टा बांधायला लागले. पारा त्यांना दिसायचा नाही. "किती?" असं विचारून ते माझ्या तोंडाकडे कान करायचे आणि मी सांगेन तो आकडा आठवडाभर घोकायचे. नाडी मात्र त्यांना शिकवावी लागली नाही. मेंढरू आजारी पडलं की मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं लावून ती बघायची, हे त्यांना जन्मापासून येत होतं. आपल्याच मनगटात तीच सापडल्यावर ते लहान पोरासारखे खूश झाले.

दोन महिन्यांत आकडा एकशे पन्नासपर्यंत आला. पुढचं शिबिर लागलं, मला रजा मिळाली नाही, आई त्यांना घेऊन गेली. आणि तिथं निघाला एकशे ऐंशी. परत घरी.

मी कळंबहून आले ती धुमसतच. आबा गोठ्यात होते. "गोळ्या खाल्ल्या का?"

"चार दीस न्हाय खाल्ल्या," ते अगदी सरळ म्हणाले. "तपासणी व्हती. गोळी खाऊन आकडा दावायचा मंजी दुधात काय तरी कालवून फॅट काढल्यासारखं. आपून तसलं कवा केलं न्हाय."

उभ्या आयुष्यात दुधात थेंबभर पाणी न घालणारा माणूस आपल्या रक्तातही भेसळ नको म्हणत होता, आणि त्यापायी आंधळा व्हायला निघाला होता. त्यांच्या हातात पेंडीची पाटी होती. ती बघितली आणि मला सुचलं.

"ही पेंड म्हशीला कशापायी घालता?"

"दूध चांगलं लागावं म्हणून."

"मग ही भेसळ का?"

"भेसळ कशी? पेंड म्हशीच्या पोटात जाती."

"आन् गोळी कुठं जाती?"

आबांनी पाटी खाली ठेवली. चाचपडत खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आजची दे." त्यानंतर एकही दिवस चुकला नाही.

तिसऱ्या खेपेला मी भांडून रजा काढली. शिबिरात ही गर्दी. एक तरुण डॉक्टर भराभरा पट्टे बांधत होते. फेरतपासणीवाल्यांना आधी घेत होते; आमचा नंबर आला तेव्हा आम्ही स्टँडवरून चालत येऊन नुकते टेकलो होतो. आबांनी आपल्या मनगटाला दोन बोटं लावली आणि म्हणाले, "सायेब, अजून पळतंय. जरा थांबा." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पाच मिनिटं बसू द्या, बरोबर आहे त्यांचं. रांगेतली माणसं कुरकुरली. आबा डोळे मिटून, हात मोकळा सोडून, तोंडातून अवाक्षर न काढता बसले. मग स्वतःच बाही वर गुंडाळली. "आता घ्या."

एकशे शेहेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी पुन्हा एकदा मोजलं आणि कागदावर सही केली. मी नर्स असूनही त्या भरल्या मांडवात रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिना-सव्वा महिन्यानं चष्मा आला. त्या रविवारी मी यंत्र काढलं तर आबा म्हणाले, "तू बोलू नगंस. आज मी वाचतो." मी नळी कानाला लावली. ठोका सुरू झाला तेव्हा जमिनीवर टिचकी मारली.

"एकशे अडतीस," आबा म्हणाले.

ठोका विरला, मी दुसरी टिचकी मारली.

"चौऱ्याऐंशी." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाळलीस गं," म्हणाले.

संध्याकाळी ते दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाले. मी मागून चालले होते, पण वाटेत त्यांनी एकदाही माझा हात मागितला नाही. रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला एकशे अडतीस लागला."

"माजा एकशे तीसच हाय की रं," पलीकडून तात्या हळूच म्हणाले.

"व्हय. तात्या, लेका, पैला नंबर तुजाच व्हता."

तात्यांच्या तोंडावर हसू पसरलं, आणि ते आबांना चार माणसांच्या पलीकडून दिसलं.