कुऱ्हाड आईने काढली होती

कुऱ्हाड माझ्या आईने काढली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण नाशकात ज्याने ज्याने ही गोष्ट सांगितली, त्याने ती आईला वगळूनच सांगितली. कुणी म्हणतं, पुजाऱ्याला दृष्टान्त झाला. कुणी म्हणतं, शेठजींच्या पुण्याईने जमीन उकलली. जमीन टिकावाने उकलते, आणि टिकाव माझ्या हातात होता.

मोठ्या देवळाच्या दाराशी आमच्या लोकांचा सत्याग्रह चालू होता, तेव्हाची ही गोष्ट. तपोवनाच्या वाटेवर एक शेठजी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधत होते. पाया खणायला महारवाड्यातली माणसं लावली होती. वडील गेल्यापासून आई आणि मी अशाच कामांवर जायचो. मी विशीतला, अंगाने दणकट. मी खणायचो, आई माती घमेल्यात भरून वर न्यायची.

खड्डा कमरेहून खोल गेला तशी माती बदलली. राखाडी, भुसभुशीत, मधे मधे कोळसा आणि खापरं. मी टिकाव उगारला आणि आई म्हणाली, "थांब." तिने गुडघ्यावर बसून बोटांनी माती सारली. आधी कुऱ्हाडीचं पातं निघालं, गंजून फुगलेलं, पण दांडा घालायचं नेढं अगदी स्वच्छ ओळखू येत होतं. त्याच्याखाली वाकस, म्हणजे सुतार लाकूड तासतो ते आडव्या पात्याचं हत्यार. आणि त्याला चिकटून एक अरुंद पटाशी, लाकडाला खाच पाडायची. तिन्ही एकावर एक, कुणीतरी नीट रचून ठेवल्यासारखी.

आईने कुऱ्हाड पदराने पुसली. म्हणाली, "कुना सुताराचं ठेवणं हाय. परत न्यायला आला न्हाई बिचारा." मग बराच वेळ ती त्या लोखंडाकडे बघत राहिली. घरातल्या माणसाची वस्तू सापडावी तसं तिचं तोंड झालं होतं.

मुकादमाने शेठजींना कळवलं आणि शेठजी आपल्या खासगी देवळाच्या पुजाऱ्याला घेऊन आले. पुजाऱ्याने कुऱ्हाड आईच्या हातातून घेतली नाही. तिला ती जमिनीवर ठेवायला लावली, वर गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी शिंपडलं आणि मग दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. पर्णकुटीसाठी लक्ष्मणाने ज्या कुऱ्हाडीने लाकडं तोडली तीच ही, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. पंचवटीत असलं काही पटवायला फार बोलावं लागत नाही. शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकस आणि पटाशी मात्र कुणाच्या नजरेत भरली नाहीत. मुकादमाने ती पायाने सारून भंगाराच्या ढिगात टाकली.

आठवड्याच्या आत कुऱ्हाड शेठजींच्या देवळाच्या गाभाऱ्यात चौरंगावर बसली. तिला शेंदूर लागला, तेल लागलं, रोज दुधापाण्याचा अभिषेक सुरू झाला. यात्रेकरूंची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. आम्ही त्याच गल्लीच्या टोकावरून कामाला जायचो.

आईला देव बघायची हौस कधीच नव्हती. वाड्यातल्या बायका सत्याग्रहाला निघाल्या तेव्हाही ती गेली नव्हती. दगड बघून काय मिळणार, त्यापेक्षा पाणवठा मागा, असं ती त्यांना तोंडावर म्हणाली होती. पण आता ती कामावरून परतताना त्या गल्लीशी थांबायची. आतल्या समया तेवढ्या दिसायच्या. मी चल म्हटलं की म्हणायची, "एकदा बघू दे की. तेल लावून सत्यानाश करतील तिचा."

मग सरकारच्या जुन्या वस्तूंच्या खात्यातले एक साहेब आले. मराठी होते, पुण्याकडचे, सडपातळ, डोक्यावर हॅट. कुऱ्हाडीची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी मुकादमाला विचारलं की वस्तू कुणी काढली. मुकादम म्हणाला, पुजारीबुवांना दृष्टान्त झाला, त्यांनी जागा दाखवली.

आई घमेलं डोक्यावर घेऊन चालली होती. तिने ते खाली ठेवलं.

"मी काढली," ती म्हणाली. "ह्यो माझा लेक खणत व्हता."

साहेबांनी हॅट काढली. माती कशी होती, शेजारी काय होतं, पातं कुठल्या बाजूला होतं, असं सगळं त्यांनी तिला विचारलं. आम्हाला अहो-जाहो करणारा तो पहिला सरकारी माणूस. आईने हाताने दाखवून सगळं सांगितलं आणि भंगाराच्या ढिगातून वाकस आणि पटाशी स्वतः शोधून काढून दिली. साहेबांनी ती रुमालात गुंडाळली. ते म्हणाले, ही फार जुन्या काळची सुताराची हत्यारं असावीत. मग म्हणाले, "बाई, देवळात चला. तुम्ही काढलेली तीच का, तेवढं सांगा."

मी आईकडे पाहिलं. ती चालायलाही लागली होती.

देवळाच्या पायरीशी पुजाऱ्याने आम्हाला अडवलं. साहेबांनी त्याला इंग्रजी-मराठीत बरंच समजावलं. कुऱ्हाड बाहेर आणा म्हणाले. बाहेर आणली तर ती पुन्हा शुद्ध करावी लागेल आणि लोक खवळतील, असं पुजारी सांगत राहिला. रांगेतली माणसं आमच्याभोवती गोळा झाली होती. तेवढ्यात आई बोलली.

"देव तुमचा ऱ्हाऊ द्या. कुऱ्हाड माझी हाय. ती दावा."

कुणीतरी हसलं. पुजाऱ्याने तांब्या मागवला आणि आई उभी होती त्या पायरीवर पाणी ओतलं. ते तिच्या पावलांवरून वाहत गेलं. मी मुठी आवळल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, धर्माच्या बाबतीत सरकारला हात घालता येत नाही. मग त्यांनी बूट काढले आणि ते एकटेच आत गेले.

आम्ही उन्हात उभे राहिलो. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दुधापाण्याने आणि तेलाने लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. काही महिन्यांत तिचा भुगा होईल, असं ते मला हळूच म्हणाले. फार वाईट झालं, असंही म्हणाले. तोंड उघडलं असतं तर त्या भल्या माणसाला मी काय म्हणालो असतो कोण जाणे. वाईट झालं ते लोखंडाचं, एवढंच त्याला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने आम्हाला कामावरून काढलं. त्याच आठवड्यात आई मोठ्या देवळाच्या दाराशी जाऊन बसली. का आलीस म्हणून बायकांनी विचारलं तर म्हणाली, बघायचं काही नाही, पण अडवणाऱ्याला बघायचंय. एका दगडफेकीत तिची भुवई फुटली. टाके घालायला गावातला डॉक्टर तयार होईना म्हणून मी हळद दाबून ती बांधली. ती भुवई पुढे कायम तिरपी राहिली.

कुऱ्हाडीचं साहेब म्हणाले तसंच झालं. पुजाऱ्याने तिचे तुकडे गुपचूप गंगेत सोडले आणि लोहाराकडून नवी घडवून, शेंदूर फासून चौरंगावर ठेवली. लोहाराने हे बाजारात स्वतःच सांगितलं, हसत हसत. रांग तशीच चालू राहिली.

पुढे आम्ही मुंबईला आलो. मला गिरणीत काम लागलं. वाकस आणि पटाशी एका संग्रहालयात ठेवल्याचं कळलं, तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन गेलो. काचेच्या पेटीत दोन्ही शेजारी शेजारी होती, कोरडी, स्वच्छ. खालची पाटी इंग्रजीत होती. तिथल्या एका विद्यार्थ्याने ती आम्हाला वाचून दाखवली. नाशिक येथे पाया खणताना मिळालेली सुतारकामाची हत्यारे, एवढंच. पाया कुणी खणला, ते नव्हतं.

आई काचेवर हात ठेवून वाकली होती. मागून पहारेकरी म्हणाला, "हात लावू नका."

मी वळलो आणि त्याची गळपट्टी धरली. तो म्हातारा होता, पार घाबरला. साहेब, मी सगळ्यांनाच सांगतो, काच खराब होते, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझी बोटं सुटेनात. शेवटी आईने ती एक एक करून सोडवली आणि मला ओढत बाहेर आणलं.

"त्या म्हाताऱ्यावर राग कशाला काढतोस?" ती म्हणाली. "ज्यांच्यावर काढायचा, त्यांच्यावर काढ."

बरोबर होतं तिचं. पण पुजारी तोवर मेला होता, शेठजींच्या बंगल्याच्या फाटकातून मला कुणी आत सोडलं नसतं, आणि साहेबांची बदली कुठे झाली ते मला ठाऊक नव्हतं. ट्रामच्या रुळांच्या कडेने आम्ही परळला चालत आलो. आई वाटेत एकदाही टेकली नाही. चाळीत शिरताना तिने मला दिव्यात घालायला रॉकेल आणायला पाठवलं, आणि मी गेलो.