स्तामेंकाच्या नावाची मेणबत्ती

सर्बियातल्या तिमोक नदीच्या खोऱ्यात नवरा गेला की बायकोचंही नाव त्याच्याच थडग्याच्या दगडावर कोरून घेतात. शेजारी फोटो, जन्माचं साल, पुढे आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. कारागिराला दोनदा बोलवायला नको. स्तामेंकाचा झिवोयिन जाऊन नऊ वर्षं झाली. दगडावरची स्तामेंका पंचावन्नची, केस रंगवलेली, हसरी. तिच्यासमोर फुलांना पाणी घालणारी स्तामेंका चौसष्टची आणि हसण्याच्या बाबतीत काटकसरी.

म्हणून नर्स नेवेना दारात येऊन म्हणाली, "काकू, सोमवारी बंद शाळेच्या अंगणात तपासणीची गाडी येतेय, छातीचा फोटो काढायला. या हं," तेव्हा घेवडा निवडता निवडता स्तामेंका म्हणाली, "माझा फोटो लागलाय. एक पुरे."

"तो नाही हो. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा व्हायची आशा जास्त."

"मला काही होत नाहीये."

"मग तुम्हीच हव्यात. काही होत नसतानाच बघायचं असतं. दुखायला लागल्यावर कुणीही येतं."

"आणि निघाला, तर माझं करणार कोण? मुलगी व्हिएन्नात म्हाताऱ्यांची सेवा करते, पण म्हातारे तिथले."

पुढची घरं करायची म्हणून नेवेना घाईने निघाली. तिच्यासाठी केलेली कॉफी स्तामेंकानेच संपवली, स्वतःची संपवल्यावर.

शनिवारी मृतांचा दिवस. सगळं गाव टेकडीवरच्या कबरस्तानात. साखर घालून शिजवलेला गहू, ब्रँडीची बाटली आणि पिवळ्या मेणबत्त्या घेऊन स्तामेंका पोचली, तर झिवोयिनच्या दगडापाशी एक तरुण मुलगी वाकलेली. निश शहरातून आलेली, झिवोयिनच्या बहिणीची नात. तिने एक मेणबत्ती झिवोयिनच्या फोटोखाली लावली आणि दुसरी, अगदी मनापासून, स्तामेंकाच्या.

"ती कुणासाठी गं?"

"मामीआजीसाठी. मी पाहिलं नाही कधी त्यांना. तुम्ही ओळखायचात?"

"थोडंफार. फोटोतली मीच आहे, बघ."

पोरीने फोटोकडे पाहिलं, स्तामेंकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मेणासारखा झाला. "माफ करा. तुमची जागा..."

"जागा माझीच आहे. मी अजून आले नाहीये, एवढंच."

पण थडग्यावरची मेणबत्ती फुंकत नाहीत. ती जळून संपावी लागते. पोरगी थोडा वेळ अवघडून उभी राहिली, मग तिची बस आली. स्तामेंका एकटीच आपल्या मेणबत्तीपाशी थांबली. वाटेने गाववाले जात होते, ज्योतीकडे बघत होते, मान लववत होते. "अगं स्तामेंका, हे काय," असं एकजणही म्हणालं नाही. कुणाला त्यात काही वावगं दिसलंच नाही, आणि तिला तेच लागलं.

सोमवारी ती शाळेच्या अंगणात गेली. बाकीच्या बायका जोडीजोडीने आल्या होत्या, एकमेकींची पर्स धरायला. हिने आपली पर्स खुंटीला अडकवली. यंत्राने तिला दोन पाट्यांमध्ये दाबलं. इतक्या वर्षांत एवढं जवळ कुणी आलं नव्हतं, आणि हे थंडगार होतं.

"श्वास रोखा. झालं," गाडीतली बाई म्हणाली. "उत्तर पोस्टाने येईल. सगळं ठीक असलं तरी दोन वर्षांनी पुन्हा या."

दोन वर्षांनंतरचं आमंत्रण तिला कुणी देऊन बराच काळ लोटला होता.

हे सांगायचं कुणाला? ती गावातल्या दोब्रिलाच्या किराणा दुकानात शिरली आणि घरात असूनही मीठ मागितलं.

"जाऊन आलीस?" दोब्रिलाने विचारलं. "दुखतं?"

"चिमटा बसतो. झिवोयिनच्या बोलण्यापेक्षा कमी. तू कधी जाणार?"

"दुकान कुणावर टाकू?"

"माझ्यावर."

"तुला वजनकाटा तरी कळतो का?"

"कुणी आलं तर शिकेन. गाडी चारपर्यंत आहे."

दोब्रिलाने एप्रन सोडला, पुन्हा बांधला. "आणि काही निघालं, तर माझं करणार कोण गं?"

हा प्रश्न स्तामेंकाच्या ओळखीचा होता.

"हाक मार. मी घरीच असते."

दोब्रिला गेली. स्तामेंका गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली. गिऱ्हाईक एकही आलं नाही. तिने उरलेले पाव नीट रचले, काचेवरचा डाग बोटाने पुसला आणि शाळेच्या रस्त्याकडे बघत राहिली.