चौघांची आमटी

लग्नाचं वय झालं तरी आमच्या घरात मिठाचं मडकं कुठे असतं, हे मला माहीत नव्हतं.

दोष आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आई माझ्या लहानपणीच गेली, आणि तेव्हापासून शेत, गुरं, चूल आणि मी असा सगळा संसार आबांनी एकट्यानं ओढला. शिवाय मुळशी खोऱ्यात कुणाचंही लग्न असो, पंगतीचा स्वयंपाक आबांकडेच! मला मात्र ते चुलीजवळ फिरकू देत नसत. “पोरीचा हात भाजंल,” एवढंच म्हणायचे. त्यामुळे मी भातलावणीत पटाईत आणि स्वयंपाकात ठार अडाणी निघाले.

साठ सालाच्या आसपास जवळच्याच चांदे गावचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा बघायला येणार होते. स्थळ इतकं चांगलं की आबांनी नवसही बोलून ठेवला. तेवढ्यात निरोप आला, जेवण पोरीच्या हातचंच पाहिजे!

“आबा, मला तर फोडणीबी येत न्हाई!”

“गप. आमटी मी करतो. तू निस्ती वाढ.”

“पण चौघांपुरतीच करा.”

“चौघांची मला जमत न्हाई. चव हंड्यातच उतरती.”

(या बाबतीत आबा भलतेच तत्त्वनिष्ठ होते.)

पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आबांनी गोठ्यामागे चुलीसाठी चर खणला आणि लग्नातला हंडा चढवला. आता चर खणला म्हणजे कार्य, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. धूर निघाला, वास सुटला आणि आळीभर झालं, पोरीची सुपारी फुटली!

इकडे पाहुणे जेवायला बसले. मुलाच्या आईनं पहिलाच भुरका मारून डोळे मिटले.

“झ्याक झालीया! पोरी, मीठ किती घातलंस गं?”

मी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या पाठीमागे उभ्या आबांनी घाईघाईनं ओंजळ करून दोनदा हलवून दाखवली.

“दोन ओंजळी!” मी ठणकावून सांगितलं.

मामांना जोरदार ठसका लागला. तो थांबतोय तोवर अंगणात खणखणाट झाला. अख्खी आळी आपापलं ताट-तांब्या घेऊन हजर! शेजारच्या धोंडूनानांनी आत येऊन मुलाला मिठीच मारली.

“जावयबापू, लई ब्येस झालं!”

“आवो, आमी अजून पसंती कुटं दिलीया?” मुलाचे वडील ओरडले.

“ते ऱ्हाऊ द्या. पंगत कवा बसायची?”

आबांचा चेहरा उतरला. ते मुलाच्या आईपुढे हात जोडून उभे राहिले.

“सैपाक मीच केलाय, बाई. हिला काय बी येत न्हाई. मीच कवा चुलीम्होरं बसू दिलं न्हाई. पोरीला बोल लावू नका.”

आबांना कुणापुढे मान खाली घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच फुटलं. लग्न मोडलं तर मोडो, पण आबांनी हात जोडलेले मला बघवेनात.

बाईंनी परसात जाऊन हंड्यात डोकावून पाहिलं, मग आबांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“येवढं जीव लावून वाढवलेली पोर वाया जायची न्हाई. सैपाक मी शिकवीन. बसवा पंगत!”

सासूबाईंनी शब्द पाळला. जन्मभर शिकवत राहिल्या, आणि शेवटी हात टेकून गेल्या! आता माझ्या आमटीचा पहिला भुरका मारला की आमचे हे नातवंडांना बजावतात, “लेकरांनो, काय बी करा, पण बाप बघून पोरगी करू नका!”