उतेकर सरांची हरकत

उतेकर सर वर्गात येताना जास्तीची एक खुर्ची बगलेत मारून आणायचे. महाडच्या आमच्या शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे डुलकीचा तास. पण सरांनी घटनासमिती काढली की डोळे मिटायची सोय नसे. उजव्या खुर्चीवर बसले की सर मसुदा समितीचे अध्यक्ष. त्या अध्यक्षांना सर नुसतं 'साहेब' म्हणत. ज्यांनी आमच्या महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यांचं नाव आम्हाला वेगळं कशाला सांगायचं? साहेब शांतपणे कलम वाचत. मग सर ताडकन उठून डाव्या खुर्चीवर जात, आवाज बदलत आणि त्याच कलमाच्या चिंधड्या उडवत. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तास संपेपर्यंत सर घामाघूम आणि आम्ही पार गोंधळलेले.

एकदा मी विचारलंच, "सर, पण बरोबर कोण?"

"गोंधळलास ना? मग तास चांगला झाला," सर म्हणाले. "साहेबांनी कलमं नुसती लिहिली नाहीत रे. हरकती ऐकल्या, त्यांना उत्तरं दिली. लिहिण्यापेक्षा ते जड."

सर आमच्याच वाडीचे, पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे. ते निवृत्त होऊन घरी आले तेव्हा गावकीनं आपले नियम लेखी करायचं ठरवलं. सात जणांची समिती, सर प्रमुख. त्यातला एक मुंबईला मुलाकडे गेला तो तिकडचाच झाला. दोघांच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या कधी जुळल्या नाहीत. एक रुसला, एक वारला, आणि उरलेला बैठकीत घोरायचा. सर मात्र खूश. "दिल्लीतही असंच झालं. कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी परदेशात. भार साहेबांवर पडला, तोही तब्येत साथ देत नसताना. आपलं बरोबर चाललंय."

मसुद्यात एक कलम होतं: कोणत्याही घराला वाळीत टाकता येणार नाही. घर कुठलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पार्वतीकाकीच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, काकीनं तिला माहेरपणाला आणलं, एवढ्यावरून काकीचं घर वाळीत पडलं. शिमग्याला देवाची पालखी घरोघर नाचायची आणि तिच्या अंगणासमोरून सरळ पुढे जायची. काकी मात्र दरवर्षी अंगण सारवून ठेवायची. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायची, "यंदा चुकून वळली तर?"

शिमग्याला मुंबईकर आले, देवळाचा सभामंडप भरला. काकी बाहेर पायरीवर. सरांनी कलम वाचलं आणि विचारलं, "हरकत कुणाची?"

कुणाचीच नाही. घराघरांतून चुलीपुढे या कलमाविरुद्ध जे बोललं जात होतं, त्यातलं अक्षर कुणी काढीना. कलम असंच पुढे सरकणार, आणि पालखीही तशीच पुढे जाणार.

मग सर उठले, खुर्ची सोडून समोरच्या घोंगडीवर बसले आणि हुबेहूब आमच्या गावप्रमुखाच्या, धोंडूअण्णांच्या, आवाजात म्हणाले, "आज हिला घेतली तर उद्या कोनपन कायपन करील. गावाचा वचक ऱ्हाईल काय?"

धोंडूअण्णा मोकळे झाले. मान डोलवत म्हणाले, "सर बरोबर बोलतात."

सर परत खुर्चीवर. "वचक होता, तरी मुलगी थांबली का? आणि बसला तो कुणावर? म्हाताऱ्या बाईवर. उद्या तुमच्या लेकीनं असं केलं तर तुमच्या घरातलं लेकरू कुणाच्या दारात खेळायला जाईल?" पुन्हा घोंगडी, पुन्हा खुर्ची. सभा चक्रावली. धोंडूअण्णांनी हळूच मला विचारलं, "सर आपल्यातले का तिच्यातले?" मला तरी कुठे कळत होतं? खरं सांगायचं तर घोंगडीवरचे सरच जास्त पटत होते, आणि पायरीवर काकीचं तोंड उतरत चाललं होतं.

शेवटी सर खुर्चीवर टेकले. "हरकत माझी होती. सभेच्या परवानगीनं मी ती मागे घेतो. दुसऱ्या कुणाची असेल, तर त्यानं काकीकडे बघून मांडावी."

सगळ्यांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. धोंडूअण्णांची मान सवयीनं अजून डोलतच होती. सरांनी ती संमती म्हणून नोंदवली. दुसऱ्या दिवशी पालखी काकीच्या अंगणात वळली आणि तिथं इतकी नाचली की सारवण उखडलं.

गेल्या वर्षी सर गेले. देवळातल्याच सभामंडपात शोकसभा झाली. धोंडूअण्णा म्हणाले, दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहून गप राहायचं. आणि सरांनी लावलेल्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हरकत कुनाची?"

काकी अजूनही पायरीवरच बसायची. ती उठली, आत आली आणि सरांच्या घोंगडीवर बसली. "माजी हाय. मानूस जलमभर बोलत ऱ्हायला, आनि त्याच्यापायी गप कशाला ऱ्हायचं?"

धोंडूअण्णांनी उत्तरासाठी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. अर्धे उभे, अर्धे बसलेले, काय करावं कुणालाच कळेना. मग कुणीतरी सरांची एक गोष्ट काढली, त्यावर दुसऱ्यानं हरकत घेतली, आणि सभा दिवेलागणीपर्यंत चालली.

काकीनं ती हरकत अजून मागे घेतलेली नाही.