दाजींच्या मोटारीची गादी

मोटार आतून उकलायची म्हणजे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. पण बेळगावच्या हायस्कुलात मी मास्तर होतो, आणि ठाऊक नाही असं म्हणायची सवय मोडली होती.

लढाई संपून थोडे दिवस झाले होते. निपाणीचे माझे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे यजमान, तंबाखूचे व्यापारी. सुट्टीत मी त्यांच्याकडं आलो होतो. त्यांची कापडी टपाची मोटार पेट्रोल मिळेना म्हणून लढाईभर वखारीत तंबाखूच्या पोत्यांना टेकून उभी होती. मधल्या काळात अर्धांगवायूनं दाजींची डावी बाजू गेली. मुलगी कंग्राळीला दिलेली. बापाच्या दुखण्यामुळं तिचं पहिलं बाळंतपणही सासरीच उरकलं, आणि नातवाचं तोंड काही दाजींनी पाहिलं नव्हतं. आता नातवाचं जावळ ठरलं. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत चढणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि बैलगाडीत निजवून न्यायचं नाव काढलं की ते खवळत.

"व्याह्याच्या दारात पोत्यागत उतरू व्हय? माझ्या मोटारीत, पुढच्या बाजूला, ताठ बसून जाईन. न्हायतर जायाचंच न्हाय," ते जड जिभेनं म्हणाले.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं.

मिस्त्री आला. इंजिनाचं मी बघतो म्हणाला, पण आत उंदरांनी संसार मांडलाय, ते तेवढं कुणीतरी काढून ठेवा. "मी काढतो," मी म्हणालो. आक्का म्हणाली, "तुला कंदिलाची काच पुसायला दिली तर फोडतोस रं!" पण दाजींनी मान डोलावली, आणि मोटार ढकलून परड्यात आणली. शेजारी बाज टाकून दाजी काठी घेऊन बसले.

सुरुवात मागच्या बैठकीपासून केली. जोर लावून ती उचलली मात्र, इतक्या वर्षांची तंबाखूची भुकटी एकदम उठली. मी शिंकलो, दाजी शिंकले, चुलीपाशी आक्का शिंकली, गोठ्यातली म्हैसही फुरफुरली. दाजी एका बाजूनं हसले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो. मग मला चेवच चढला. पायाखालची चटई काढली, दारांच्या आतली कातडी उचकटली. कातडीच्या चुका, म्हणजे बारके खिळे, कुठल्या कुठं होत्या हे काही लिहून ठेवलं नाही. मास्तराची स्मरणशक्ती!

पुढची बैठक धरली तेव्हा दाजींनी काठी जमिनीवर आपटली. ठक, ठक, ठक. शाबासकी समजून मी कातडं टराटरा उसवलं. आतून घोड्याचे केस आणि गंजलेल्या स्प्रिंगा बाहेर आल्या. एक स्प्रिंग माझ्या हनुवटीवर बसली. काठी आणखी जोरात वाजू लागली, मी आणखी जोरात ओढू लागलो. शेवटी आक्का हात पुसत धावत आली.

"आरं मुडद्या, ते पुरं म्हणत्यात! पुढचं चांगलं हाय, त्याला हात लावू नगं म्हणत्यात!"

तोवर हात लावायला काही उरलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी मात्र रागावले नाहीत. विस्कटलेल्या केसांकडं बघत ते हळूच म्हणाले, "आता कशावर बसायचं, मास्तर?"

तो प्रश्न रात्रभर मला टोचत राहिला. आपल्याकडं गादी बिघडली की काय करतात? पिंजाऱ्याला बोलावतात. मीही बोलावलं. स्प्रिंगा भंगारात घातल्या आणि नवा कापूस आणवला. पिंजारी बैठकीची खोळ बघून म्हणाला, "मास्तर, निजायची भरू का बसायची?" मी म्हणालो, "मऊ भर. आजारी माणूस हाय." त्यानं इतकी मऊ भरली की मोचीनं कातडं शिवल्यावर ती बाळंतिणीच्या गादीसारखी फुगून बसली.

निघायच्या सकाळी मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं; मोटार तोच चालवणार होता. धोतर, कोट, जरीचा पटका असे दाजी. त्यांना उचलून पुढं बसवलं. ते कापसात रुतले आणि सावकाश डावीकडं कलू लागले. सरळ केलं, पुन्हा कलले. दोन्ही बाजूंना उशा लावल्या, तर उशांसकट कलले. दार नीट लागत नव्हतं, कारण त्याची कातडी बसवताना माझ्या चुका कमी पडल्या होत्या. पटका डोळ्यांवर आला. दाजींनी डोळे मिटले.

"उतरवा मला," ते म्हणाले.

तेवढ्यात आक्का आली. त्या मोटारीत ती नेहमी मागं बसायची, दोन्हीकडचे पडदे सोडून. पुढं बसलेली बाई निपाणीच्या रस्त्यानं तोवर पाहिली नव्हती. तिनं पदर खोचला, मला बाजूला सारलं आणि दाजींच्या डाव्या अंगाला, दाराकडं, घट्ट जाऊन बसली. त्यांचा निर्जीव हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. दाजी ताठ झाले.

"लोक काय म्हणतील गं?" ते म्हणाले.

"म्हणू देत. पटका सरळ करा."

मी लाडवांचे डबे घेऊन मागं बसलो, धुळीसाठी पडदे सोडून. संकेश्वरच्या बाजारात लोक थांबून बघत होते. पुढून आक्काचा आवाज येत होता, "अगं बाई, इथनं सगळं दिसतंय की!" कंग्राळीत व्याही सामोरे आले तेव्हा दाजी पाटलासारखे बसले होते. नातू आधी त्यांच्या मांडीवर दिला, मग जावळ काढलं.

परतल्यावर मिस्त्री म्हणाला, "मालक, जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा मिळत्यात. गादी नीट करून देतो."

दाजींनी काठी आपटली. ठक, ठक, ठक. या खेपेला मला कळलं.

"नको म्हणतायत," मी मिस्त्रीला सांगितलं.