कावळ्यावरचा आळ

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, एक गुप्तहेर कादंबरी लिहायला घेतली होती. तिचा नायक पाखरांवरून चोर पकडायचा. कुठे टिटवी ओरडली, कुठून होले उडाले, हे दुर्बिणीतून बघून खुनी कोणत्या शेताच्या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, पळाला ते तो बसल्या जागी सांगायचा. आमच्या मेहकर भागात खून फार होत नसत, पण पाखरं भरपूर होती. त्यामुळे दादाने अभ्यासाला पाखरांपासून सुरुवात केली.

ज्वारी निसवून कणसं धरली की तो शेतातल्या माळ्यावर चढून बसे. जंगलखात्यातला कोणी साहेब विलायतेला परत जाताना सामान विकून गेला, त्यातली एक दुर्बीण त्याने मिळवली होती. तो पाखरं पाहत असे आणि खाली उभा राहून गोफणीने ती मी हाकत असे. एखादं नवं पाखरू दिसलं की तो मला हात करून थांबवी, आणि ते पाखरू निवांत कणीस खाई. वडील एकदा हे बघून गेले. "पाखरं पाह्यासाठी नसतात, हाकलासाठी असतात," एवढंच ते बोलले. त्या कादंबरीवर घरात झालेली ही एकमेव टीका.

आई मात्र त्याच्या बाजूने होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तिला ती कादंबरी फार आवडे.

त्याच सुमारास आईची नथ नाहीशी झाली. नात्यातल्या एका लग्नाला निघताना वडिलांनी विचारलं, नथ कुठे आहे, तर आईने डबा उघडला आणि डबा रिकामा. आदल्या दिवशी चुडीवाली चाची घरात येऊन गेली होती. ही चाची आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायची. आईच्या लग्नातला चुडासुद्धा तिच्याच हातचा. माजघरापर्यंत येणारी ती एकटीच बाहेरची बाई, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. आई दादाकडे बघत राहिली.

तेवढ्यात दादा पुढे झाला. खिडकी उघडी होती, बाहेर कडुनिंब, त्यावर कावळ्याचं घरटं, आणि कावळ्याला चकाकणाऱ्या वस्तूंची हाव. घरट्यापर्यंत माणूस चढवला. नथ निघाली नाही, पण तारेचा एक तुकडा आणि फुटक्या फणीचे दात निघाले. दादाने तो पुरावा सगळ्यांना दाखवला. वडिलांनाही ते पटलं, कारण कावळा चोर निघाला की फिर्याद नको, पंचनामा नको. गावभर दादाचं नाव झालं.

चाचीला मात्र त्या दिवसापासून ओट्यावरच बसवू लागले. कोणी तिला जा म्हटलं नाही, आत ये म्हणायचं तेवढं बंद झालं. आळ कावळ्यावर आणि शिक्षा चाचीला, असा तो न्याय. मला त्याचा संताप येई. ती बिचारी खाली मान घालून वहिनीच्या हातात बांगड्या सरकवी आणि पाणीसुद्धा न मागता उठे.

पुढे आई गेली. सवाष्ण गेली, पण नथीवाचून. दहाव्याला आम्ही पैनगंगेवर पिंड ठेवले आणि लांब सरकून बसलो. कावळा काही येईना. गावातली सगळी माणसं माना वर करून झाडं न्याहाळत होती. दादाच्या पाखरांना हसलेले लोकही त्यात होते. दादा मुंडण करून, ओल्या पंच्याने उघडाच बसला होता, आणि गळ्यात दुर्बीण होती. कावळा शोधायला आणली म्हणाला.

मग इच्छा विचारणं सुरू झालं. धाकट्याचं लग्न करू, असं कोणीतरी कबूल केलं. मला कोणी विचारलं नाही. कावळा ढिम्म. शेवटी मामा दादाला म्हणाले, "तिचा जीव नथीत हाये. अन् कावळ्याले तर तुमीच चोर ठरवलं. आता तो येईन कोन्या तोंडानं? माफी माग त्याची."

हे सगळ्यांना एकदम पटलं. दादा हात जोडून उठला, पण बघत होता तो बाभळीकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कावळ्याला निर्दोष म्हटलं, की गाव पुन्हा चाचीकडे बघणार. ती पलीकडे बाभळीखाली उभी होती. जिला पहिला चुडा भरला, तिच्या दहाव्याला ती आली होती.

"कावळ्यानं नेली नाई," दादा म्हणाला. "चाचीनंबी नाई. आईनं मलेच देली. हे दुर्बीन तेच इकून घेतली. डबा उघडला त्याच दिवशी आई सांगून राह्यली होती, मीच तिले गप्प बसवलं."

 वडिलांनी हात पुढे केला, दादाने दुर्बीण काढून दिली. थोड्या वेळाने कावळा आला आणि पिंडाला शिवला. त्या वाक्यासाठी तो थांबला होता की आमची बडबड थांबायची वाट बघत होता, मी सांगू शकत नाही. आईसाठी मला रडू आलं, एवढं खरं.

कादंबरी तिथेच राहिली. चोर कोण हे लेखकाने एकदा गावासमोर सांगून टाकल्यावर पुढे लिहायला काही उरत नसावं.

सुतक फिटल्यावर चाची आली आणि नेहमीसारखी ओट्यावर टेकली. वडील स्वतः दारात गेले. उभ्या जन्मात त्यांनी कोणाला असं बोलावलेलं मी पाहिलं नव्हतं. "आत या," ते म्हणाले. "माजघरात बसा."

चाचीने टोपलीवरचा पंचा सोडला, बांगड्या त्यावर मांडल्या आणि वहिनीचा हात हातात घेतला.

"इथंच बरं हाये, मालक," ती म्हणाली. "तुमच्या घरात कावळे लय येतात."