मिसळणाच्या डब्यातले गळ

ललिता मेश्राम चिडली की स्वयंपाकघरात भांडी वाजतात, थोड्या वेळाने चहा होतो आणि विषय संपतो, असा बळवंतरावांचा संसारभराचा अनुभव. त्या गुरुवारी मात्र एकही भांडं वाजलं नाही. ललिता मागच्या दाराजवळच्या कपाटापाशी उभी होती. अंगात रेनकोट, हातात गळाची काठी. वरच्या फळीवर तिचा डबा असायचा, तिथे धुळीत फक्त एक स्वच्छ गोल उरला होता.

"अहो, माझा डबा कुठंय?"

"कुठला?"

"मिसळणाचा. इथला."

"अगं, तो होय! तो रविवारी तेजलला दिला." बळवंतरावांनी लॅपटॉपवरून मानही उचलली नाही. गुरुवारी ते घरूनच काम करत. "पोरीकडे मिसळणाचा डबा नाही म्हणत होती. आपल्याकडे दोन. नवं जोडपं पहिल्यांदा घरी आलं, रिकाम्या हाती कसं पाठवायचं? तू तेव्हा वर समताशी फोनवर होतीस."

"उघडून बघितलात?"

"हलवून बघितला. वाजला. म्हटलं मोहरी-बिहरी असेल, बरंच झालं. डबा रिकामा देऊ नये."

ललिताने काठी भिंतीला टेकवली. त्या डब्यात मोहरीचा एक दाणा नव्हता.

नागपूरला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेली ही बाई लग्नानंतर पुण्याला आणि पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ थेट परदेशी, हूफडॉर्पला आली. गळ म्हणून तिने आयुष्यात काही हातात धरलं नव्हतं. मुलगी समता शिकायला ग्रोनिंगनला गेली. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत "I'm fine, आई" एवढंच उत्तर फोनवरून येऊ लागलं, तेव्हा ललिता सायकल काढून पोल्डरच्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या सखल शेतजमिनीच्या, कडेकडेने नुसती फिरायची. तसंच एकदा एक तळं लागलं. मालक सकाळी त्यात ट्राउट मासे सोडतो, लोक पैसे भरून दिवसभर गळ टाकतात. काठावर योके नावाची एक निवृत्त शिक्षिका बसलेली होती. ललिता बराच वेळ मागे उभी राहून बघते आहे म्हटल्यावर तिने काठी सरळ तिच्या हातात दिली. "बघून मासा लागत नाही," म्हणाली.

तिथून सुरुवात. ट्राउट हा नखरेल मासा. त्याला फसवायचं ते जिगने: बारीक गळ, त्याच्या टोकाला शिशाऐवजी टंगस्टनचं मोहरीएवढं डोकं, आणि गळावर ओवलेली मऊ रबरी अळी. काही अळ्यांना लसणाचा वास असतो, काहींना चीजचा. दुकानात त्यांच्या भिंती भरलेल्या असतात, आणि नवखा माणूस त्यातली सर्वांत चकचकीत उचलतो. ललिताने पहिल्या हिवाळ्यात तेच केलं आणि काही पकडलं नाही. मग ती बघायला लागली. ढगाळ दिवशी, पाणी गढूळ असताना पिवळी किंवा नारिंगी चालते. ऊन पडलं, पाणी निवळलं की तीच पिवळी बघून मासा पाठ फिरवतो, तेव्हा तपकिरी. थंडीत तो तळाशी सुस्त पडून असतो, त्याच्यापुढे जाड शेपटीची अळी वळवळवून उपयोग नाही. शेपूट बारीक हवं, नुसतं थरथरणारं. आणि डोकं जितकं हलकं तितकं बरं, कारण मासा अळी ओढताना फारसा घेत नाही, ती हळूहळू खाली बसत असताना घेतो. जड जिग धप्पकन खाली जातं आणि त्याला विचार करायला वेळच मिळत नाही.

वेगवेगळ्या रंगांच्या अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींचा रंग पितात. म्हणून तिने घरातला जास्तीचा मिसळणाचा डबा घेतला. हळदीच्या वाटीत पिवळ्या, तिखटाच्या वाटीत लाल-नारिंगी, धण्याच्या वाटीत शेवाळी, जिऱ्याच्या वाटीत तपकिरी, आणि मोहरीच्या वाटीत जिगची काळी डोकी. थंडीने बोटं बधिर झाली तरी न बघता हात बरोबर वाटीत जायचा. ही सवय काही तळ्यावर लागलेली नव्हती.

बळवंतराव या सगळ्याला 'तुझं ते गळ-बिळ' म्हणत. कधीकधी चिमटाही काढत. "सकाळी पंचशील, दुपारी गळ. छान आहे!" हा चिमटा ललिताला लागायचा. तळ्याचा नियमच असा की पकडलेला मासा परत सोडायचा नाही, घरी न्यायचा. पहिला मासा मारणं तिला जड गेलं होतं, आणि अजूनही ते काम ती पटकन उरकते. पण संध्याकाळी त्याच माशाचं आंबट कालवण झालं की बळवंतराव काटासुद्धा चोखून ठेवत, तेव्हा शील कुठे जायचं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता वाटलं, विचारायला हवं होतं.

"मी तेजलला फोन करते."

"अगं, वेड लागलंय का? दिलेलं परत मागणार? काय म्हणतील ती पोरं?"

"मी दिलेलं नाही."

"घरातून दिलं म्हणजे दोघांनी दिलं. थांब, मी सांगतो तिच्या रविराजला सावकाश. नाहीतर दुसरं मागवू ना ऑनलाइन, त्यात काय!"

त्यात काय! गळ मिळाले असते. कुठल्या दिवशी कुठला, हे कळायला गेलेले हिवाळे कुठल्या वेबसाइटवर मिळणार होते? पण त्या दिवशी तिने फोन केला नाही. नवं जोडपं, परका देश, पहिलं येणं. रविराजला ब्रेडाच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत नोकरी लागलेली, तेजल अजून सासर-माहेर दोन्हीकडून सुटून एकटी पडलेली. त्यांना ओशाळं करणं तिच्याही जिवावर आलं.

शनिवारी कणीक मळताना तिचा फोन वाजला. इथल्या बौद्ध परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो होता: कालव्याच्या काठावर रविराज, हातात तळहाताएवढा पर्च मासा, आणि त्याच्या ओठात पिवळी अळी. खाली लिहिलं होतं, "जय भीम! बळवंतकाकांनी दिलेल्या डब्यातला पहिला मासा. काका, तुमचा choice एकदम भारी!" त्याखाली टाळ्यांची रांग. आणि टाळ्यांखाली बळवंतरावांचं उत्तर.

"अभिनंदन! पुढच्या वेळी जरा मोठं, जड जिग लाव. मासाही मोठा लागेल. पुढच्या शनिवारी आमच्या तळ्यावर या दोघं, शिकवतो."

ललिताने कणकेचे हात तसेच घेऊन दिवाणखाना गाठला.

"आमचं तळं?"

बळवंतराव सोफ्यावर जरा सरळ झाले. "अगं, पोरगा एवढ्या उत्साहाने लिहितोय. सगळ्यांसमोर कसं सांगू की चुकून दिला? तोच ओशाळला असता."

"त्याला ओशाळं व्हायला नको म्हणून तुम्ही हुशार झालात?"

"टोचून बोलू नकोस."

"टोचायचं सामान तर तुम्ही देऊन टाकलंत! आणि मोठं जड जिग? हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मोठ्या माशाला मोठं लागणारच. कॉमन सेन्स आहे."

"तळ्यावर किती वेळा आलात हो माझ्याबरोबर?"

यावर बळवंतरावांनी रिमोट शोधायला घेतला.

ती उभीच राहिली. डबा गेल्याचा राग एक होता. हा दुसरा, आणि हा जुना निघाला. बळवंतरावांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. प्रत्येक लग्नात, बुद्धजयंतीच्या प्रत्येक कार्यक्रमात, समोरून कुणी हसत आलं की बळवंतराव हलकेच घसा खाकरतात, आणि ललिता त्यांच्या कानाशी सांगते, "हरिहर वासनिक, हार्लेमचे, मुलगी डॉक्टर झाली." मग बळवंतराव दोन्ही हात पसरतात. "या हरिहरराव! डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" सगळे म्हणतात, काय स्मरणशक्ती आहे हो बळवंतरावांची! हे सांगणं तिने कधी मोजलं नव्हतं, संसारात असं काय काय मोजायचं? पण डब्यातली अक्कलसुद्धा त्याच खात्यात जमा होणार असेल, तर मग तिचं असं काय उरलं?

"शनिवारी मी येणार आहे," ती म्हणाली. "पण कानात काही सांगणार नाही. आधीच सांगून ठेवते."

बळवंतराव हसले. त्यांना ती गंमत वाटली.

पुढच्या शनिवारी सकाळी ढग होते, पण तळ्यावर पोहोचेपर्यंत वारा पडला आणि चांगलं ऊन आलं. रविराज आणि तेजल ब्रेडाहून ट्रेन, मग बस करून आले होते. रविराजची काठी नवी कोरी, किमतीचं लेबल अजून लटकतंय. तेजलने पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला. तिने झाकण उघडलं तेव्हा ललिताने आत बघितलं. हळदीची वाटी अर्धी रिकामी. बाकीच्यांना कुणी हात लावला नव्हता, फक्त मोहरीच्या वाटीत कुणीतरी नवी आणलेली शिशाची जाड डोकी टाकली होती. तिने ओठ आवळले.

"काका, तुम्ही म्हणालात तसं मोठं जिग आणलंय," रविराज म्हणाला. "आता कलर सांगा."

बळवंतरावांनी डब्यावर हात फिरवला आणि सर्वांत लाल, सर्वांत लांब अळी उचलली. "ही. चांगली दिसते."

जिग धप्पकन पडलं. पुन्हा. पुन्हा. समोरच्या काठावर योकेने एक मासा काढला, मग आणखी एक, आणि लांबून ललिताकडे बघून खांदे उडवले: तू का बसून आहेस? रविराजचा दोरा दर वेळी रिकामाच येत होता.

"काका, काही चुकतंय का? बदलू का?"

बळवंतराव डब्यावर वाकले. वाट्या एकेक करून बघितल्या. मग हलकेच घसा खाकरला.

ललिताने थर्मासचं झाकण फिरवलं आणि चहा ओतला.

त्यांनी पुन्हा खाकरलं. जरा मोठ्याने.

"सर्दी झाली का हो?" ललिता म्हणाली. "आल्याचा आहे, घ्या."

तेजल एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? हळदीच्या जागी पिवळं, मोहरीच्या जागी काळं. आमच्या आईचा डबा अस्साच असतो. मी उघडला तेव्हाच रविला म्हटलं, हा काकांनी लावलेला डबा नाही."

"मग बोलली का नाहीस गं?" ललिताने विचारलं.

"काकांनी थँक्यू घेतलं ना, काकू. मग मी कसं बोलणार?"

रविराजने दोरा ओढून घेतला. बळवंतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ते काही थंडीने नव्हे.

"डबा हिचा आहे," ते शेवटी म्हणाले. "मी न विचारता दिला. मसाला समजून."

"आणि?" ललिता म्हणाली.

"आणि मला यातलं काही कळत नाही."

"हे इथे चौघांत झालं. थँक्यू कुठे घेतलं होतं?"

बळवंतरावांनी फोन काढला. गार बोटांनी टाइप केलं आणि तिला वाचून दाखवलं: "डब्याबाबत थोडा गैरसमज झाला होता..."

"गैरसमज कुणाचा? रविराजला बिचाऱ्याला जे सांगितलं तेच त्याने समजलं. नीट लिहा."

"अगं, पोरांसमोर..."

"पोरांसमोरच शिकवायचं होतं ना तुम्हाला?"

तेजलला हसू आवरेना, तिने तोंड चहाच्या कपात घातलं. बळवंतरावांनी पुसून पुन्हा लिहिलं. "डबा ललिताचा. निवड तिची. जड जिगचा सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता." पाठवलं. लगेच हरिहररावांचं उत्तर आलं, "मग वहिनींनाच विचारतो, बळवंतराव," आणि पुढे हसरा चेहरा. बळवंतरावांनी फोन खिशात टाकला.

ललिता बाकावरून उठली. मोहरीच्या वाटीतली शिशाची डोकी वेचून तिने रविराजच्या हातावर ठेवली, जिऱ्याच्या वाटीतून बारीक शेपटीची तपकिरी अळी काढली, सर्वांत हलक्या जिगवर ओवली आणि आपली काठी तेजलला दिली. रविराजला नाही.

"मी? काकू, मला नाही येत!"

"बघून मासा लागत नाही. टाक. आता ओढू नकोस. खाली बसू दे तिला. हळू... अजून हळू."

तेजलच्या हातातला दोरा सैल होत चालला. ऊन पाण्यात खोलवर उतरलं होतं. बळवंतराव बाकाच्या कडेने सरकत जवळ आले, वाकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आता झालं ना?"

"अजून नाही," ललिता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि तेवढ्यात काठीचं टोक खाली गेलं.